लाखभर पळालेली टर्बो गाडी घेताना

नवी साधी हॅचबॅक घ्यायला निघालेला माणूस जुन्या गाड्यांच्या जाहिराती सहज चाळायला बसतो आणि तिथेच फसतो. तेवढ्याच पैशांत त्याला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय दिसते, फियाटची अबार्थ पुंतो दिसते. बजेट जरा ताणलं तर स्कोडा लॉरा आरएस आणि अजून ताणलं तर ऑक्टाविया आरएस. मीटरवर ऐंशी-नव्वद हजार, कधी सव्वा लाख. फोटोत गाडी चकाचक. ‘फर्स्ट ओनर, सिंगल हँड, फक्त हायवे रनिंग’ हे तर बहुधा छापूनच ठेवलेलं असतं.

हा मोह वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एकशे पाच पीएसची पोलो काय, एकशे पंचेचाळीस पीएसची अबार्थ काय, या गाड्या चालवायला जी मजा देतात ती आजच्या मोठाल्या एसयूव्हीत मिळत नाही. शिवाय आपल्याकडे या गाड्यांना माहेर आहे. पोलो चाकणच्या कारखान्यात तयार झाली, अबार्थ पुंतो रांजणगावात, तर लॉरा आणि ऑक्टाविया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या गेल्या. पुणे, पिंपरी-चिंचवड, संभाजीनगर या पट्ट्यात त्यांची नस ओळखणारे मेकॅनिक आजही सापडतात. हा मुद्दा फार मोलाचा आहे, त्याकडे पुढे येतोच.

मात्र आधी मीटरविषयी. या सौद्यातला सगळ्यांत कमी उपयोगाचा आकडा म्हणजे मीटरवरचे किलोमीटर. साध्या पेट्रोल गाडीत ‘कमी पळालेली ती चांगली’ हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. टर्बो गाडीत तो हमखास दगा देतो. पुणे-मुंबई एक्सप्रेस वेवर एका लयीत एक लाख पळालेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी, रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर जाऊन चाळीस हजारांवर पोचलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा आतून सुदृढ असते. चार किलोमीटरांत इंजिन ऑइल नीट तापतच नाही. त्यात पेट्रोलचा अंश मिसळतो, ओलावा साठतो आणि ते पातळ, दूषित झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला जातं. किलोमीटर कमी म्हणून मालक सर्व्हिसलाही जात नाही. ‘अजून पंधरा हजार झाले कुठे?’ असं म्हणत एकच ऑइल दोन-दोन वर्षं इंजिनात राहतं.

टर्बोचं काम लक्षात घेतलं की बाकीच्या सगळ्या तपासण्या आपोआप उलगडतात. सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूंच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं आणि ते हवा दाबून इंजिनात कोंबतं. पूर्ण जोरात हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि पेट्रोल इंजिनात एका बाजूच्या वायूंचं तापमान नऊशे अंशांच्या आसपास जातं. एवढ्या वेगात दांडा बेअरिंगला प्रत्यक्ष टेकत नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर गेला की टर्बो गेला. घाट दामटून आल्याआल्या किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागच्या जागी करपतं. तो काळा थर ऑइलच्या बारीक वाटा हळूहळू बुजवतो. हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं साचतं. म्हणून मी म्हणतो, टर्बो गाडी घेताना तुम्ही आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असता. गाडी नंतर पाहा, आधी माणूस पाहा.

मालकाशी गप्पा मारताना दोन प्रश्न अगदी सहज टाका. ‘कुठलं ऑइल घालता?’ आणि ‘लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करता का?’ ज्याला गाडीची कदर आहे तो ग्रेडसकट उत्तर देतो. फोक्सवॅगन-स्कोडावाला असेल तर ५डब्ल्यू-४० आणि ‘व्हीडब्ल्यू ५०२’ हा आकडा त्याच्या तोंडी असतो. पंधरा हजारांची सर्व्हिस असूनही मधे साडेसात-आठ हजारांवर तो फक्त ऑइल आणि फिल्टर बदलून घेतो. शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर हळू आणतो, म्हणजे टर्बो आपोआप निवतो. ‘ते सगळं गॅरेजवाला बघतो’ असं उत्तर आलं तर गाडी लगेच नाकारू नका, पण किंमत ठरवताना ते वाक्य विसरूही नका.

मग बिलं मागा. स्टॅम्प मारलेलं सर्व्हिस बुक पुरेसं नाही, छापील बिलं हवीत. त्यांवर तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव आणि लिटर लिहिलेले असतात. ती ओळीने मांडून किलोमीटर चढत गेलेत का ते पाहा. मधे दीड वर्ष काहीच नसेल तर त्या दीड वर्षात काय झालं ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिल्यावर ते रेकॉर्ड देतील किंवा देणार नाहीत, म्हणून मालकाला सोबत न्या. त्याची टाळाटाळ सुरू झाली की तुम्हाला निम्मं उत्तर मिळालं. मीटर मागे घेणं आजही अगदी सोपं आहे, पण माग पुसणं तितकं सोपं नाही. फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. ‘फक्त हायवे रनिंग’ म्हणणाऱ्याच्या खात्यात वर्षभरात टोलच्या चारच नोंदी असतील तर गोष्ट स्पष्ट आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत बऱ्याच फॉल्टसोबत तो कुठल्या किलोमीटरला आला याची नोंदही राहते. मीटरवर ७० हजार आणि गिअरबॉक्सच्या नोंदीत ९८ हजार, असला प्रकार स्कॅनरवर उघडा पडतो.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार हवं. आधीच फोन करून तसं सांगा आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळवा ठेवा. कोमट लागलं तर ‘आत्ताच पेट्रोल भरून आणली’ असं ऐकू येईल. चहा घ्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. गार इंजिन सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे कानावर येतं ते नंतर दिवसभर येत नाही. लॉरा आरएसच्या १.८ टीएसआय इंजिनात टायमिंग चेन आहे आणि तिला ताण देणारा टेन्शनर हा या पिढीचा नावाजलेला कच्चा दुवा. सुरू होताना साखळी खळखळल्यासारखा आवाज येऊन थांबला तर गोष्ट तिथेच संपवा, किंवा टेन्शनर, चेन आणि मजुरी यांचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून घ्या. ताण सुटून साखळी दात सोडून बसली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. १.२ टीएसआयच्या सुरुवातीच्या रूपात चेन होती, नंतरच्या रूपात बेल्ट आला. समोरच्या पोलोत यातलं काय आहे ते सालावरून न ठरवता इंजिन कोडवरून जाणकाराकडून खात्री करून घ्या. अबार्थच्या १.४ टी-जेटमध्ये बेल्ट आहे. बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

आता ऑइलची काठी बाहेर काढा. सर्व्हिस होऊन तीनच हजार किलोमीटर झालेत आणि पातळी खालच्या खुणेवर असेल तर गाडी ऑइल पितेय. लॉरा आरएसच्या पिढीतल्या १.८ इंजिनाला हा रोगच होता, कारण पिस्टनच्या ऑइल रिंगांची रचना. काही गाड्यांत पिस्टन-रिंगा बदलून कायमचा इलाज झालेला असतो. त्याचं बिल हातात असेल तर ‘इंजिन खोललंय’ म्हणून घाबरू नका, उलट चार पैसे जास्त द्या. बाजार याच्या नेमकं उलट वागतो, हे मला नेहमीच गमतीचं वाटतं. न खोललेलं, हजार किलोमीटरला अर्धा लिटर पिणारं इंजिन लोकांना ‘कंपनी फिटेड’ म्हणून प्यारं वाटतं.

इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायच्या झाकणापाशी जरा वेळ घालवा. झाकण सोडवताना आतून थोडी ओढ लागणं आणि झाकण काढल्यावर इंजिन जरा अडखळणं यात गैर काही नाही. पण झाकण जागेवर चिकटून बसल्यासारखं झालं असेल, बारीक शिटी वाजत असेल आणि झाकण उचलताच ती शिटी थांबत असेल, तर १.८ आणि २.० टीएसआयमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटलेला असतो. हे काम फार महाग नाही, पण ते दुर्लक्षित राहिलं यातून मालक कळतो. याउलट झाकण उघडल्यावर धुराचे भपकारे बाहेर येत असतील तर रिंगा संपत आल्यात. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. सोनेरी-तपकिरी रंग ठीक आहे. काळा, डांबरासारखा गाळ दिसला तर बॉनेट बंद करा आणि नमस्कार करून निघा.

कूलंटची टाकी बघायला विसरू नका. फोक्सवॅगन-स्कोडात गुलाबी-जांभळट कूलंट असतं. तिथे गढूळ किंवा नुसतं पाणी असेल तर कुणीतरी रस्त्यात नळाचं पाणी ओतलंय आणि ते का ओतावं लागलं हा पुढचा प्रश्न. या इंजिनांचं प्लास्टिकचं थर्मोस्टॅट-वॉटर पंप हाउसिंग गळतं, ही नवी बातमी नाही. भर दुपारी एसी लावून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. तापमानाचा काटा वर सरकतो का आणि पंखा वेळेवर लागतो का, हे तेवढ्यात कळतं.

टर्बो प्रत्यक्ष बघायचा तर गॅरेजच गाठावं लागतं, आणि गाठावंच. एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडवला की टर्बोचं छोटं चक्र समोर दिसतं. त्याच्या मधला नट चिमटीत धरून हलवायचा. इंजिन बंद असल्यावर वर-खाली किंचित हालचाल जाणवते, कारण तरंगायला ऑइलचा दाब नसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आत-बाहेर, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेने खेळ जाणवायलाच नको. पात्यांच्या कडा बघा. एखादं पातं वाकलेलं किंवा कुरतडलेलं असेल, किंवा बाजूच्या भिंतीवर घासल्याची चकाकती रेघ असेल, तर टर्बोचे दिवस भरलेत. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पुसट थर बहुतेक जुन्या टर्बो गाड्यांत असतो. पाइप तिरका केल्यावर ऑइल ओघळलं तर मात्र ते सीलमधून येतंय. एवढ्या तपासणीला अर्धा तास लागतो आणि टर्बो बदलायची वेळ आली तर त्याचं बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. तरीही नव्वद टक्के लोक या अर्ध्या तासाला कंटाळतात.

त्याच गॅरेजात स्कॅनर लावून घ्या. नुसते फॉल्ट कोड पाहून समाधान मानू नका, कारण तुम्ही यायच्या आधी कोड पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. मेकॅनिकला ‘रेडिनेस’ दाखवायला सांगा. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हा आकडाही बऱ्याच गाड्या देतात. तो ‘१२ किमी’ निघाला तर मालकाकडे नुसतं बघा, काही बोलायची गरज पडत नाही. मग एक जण गाडी चालवेल आणि मेकॅनिक बाजूला बसून इंजिनाने मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेलं बूस्ट असे दोन आकडे पाहील. दोघांत सतत अंतर राहिलं तर कुठेतरी पाइप फुटलाय, डायव्हर्टर व्हॉल्व्ह गळतोय किंवा वेस्टगेट अडकतोय. शक्य असेल तर कॉम्प्रेशन टेस्टही करून घ्या. इथे सिलिंडरांच्या आकड्यांतला फरक त्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा. तिघांचा आकडा जुळतो आणि चौथा वेगळाच पडतो, तेव्हा सावध व्हा.

पोलो जीटी आणि लॉरा आरएसमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने कधी धुतलेच जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर कार्बनचा थर चढतो. लाखभर किलोमीटरांनंतर गार इंजिन अडखळत असेल, पिकअप मंदावला असेल, तर बरेचदा कारण हेच. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून हा कार्बन काढतात. अबार्थच्या इंजिनात फवारा व्हॉल्व्हच्या आधी असल्याने तिला हा त्रास नाही. तिची दुखणी वेगळी आहेत. बीएस-६ येण्याआधीच पुंतो बाजारातून गेली आणि अबार्थपुरते असलेले सुटे भाग शोधणं हा आता छंद म्हणूनच करायचा उद्योग आहे. बंपर, अलॉय आणि हेडलॅम्प धड असलेलीच अबार्थ घ्या. तिचं इंजिन दुरुस्त होतं, फुटका बंपर मात्र मिळता मिळत नाही.

टेस्ट ड्राइव्ह सोसायटीभोवती एक चक्कर मारून उरकू नका. गाडी पूर्ण तापू द्या. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात, साधारण १८०० आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. ओढ एकसंध वाढत गेली पाहिजे. मधेच झटका, फुसकारा किंवा सायरनसारखा चढता आवाज आला तर नोंद करा. पुण्याकडचे असाल तर कात्रजचा किंवा खंबाटकीचा घाट ही फुकटची प्रयोगशाळा आहे. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर उतरू द्या आणि खाली येऊन जोरात दाबा. मागे बसवलेल्या मित्राला तेव्हा निळसर धूर दिसला तर ऑइल जळतंय. लॉरा आरएससारख्या मॅन्युअल गाडीत चौथ्या-पाचव्या गिअरात कमी वेगावरून पूर्ण दाबून पाहा. आरपीएम चढतो आणि गाडी त्या मानाने पुढे जात नाही, म्हणजे क्लच घसरतोय. क्लच दाबला-सोडला की मंद चालणाऱ्या इंजिनाचा आवाज खडखडत बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलही आलं. ही दोन्ही कामं एकदमच करावी लागतात आणि खिसा चांगलाच हलका करतात.

डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हा स्वतंत्र विषय आहे. इथे माझं मत जरा कडक आहे. पोलो जीटी टीएसआयला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे, डीक्यू२०० नावाचा. मोकळ्या रस्त्यावर तो लोण्यासारखा बदलतो आणि शहराच्या ट्रॅफिकमध्ये झिजतो. २०१३ साली फोक्सवॅगनने या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्यासाठी जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू आणि हात एकाच डब्यात असलेला भाग, हा सगळ्यांच्या काळजीचा विषय. तपासायचं ते बंपर-टू-बंपर रांगेत. हिंजवडीची संध्याकाळ उत्तम. ब्रेक सोडून रांगत जाताना थरथर, दुसऱ्यावरून पहिल्यात येताना धक्का, चढावर रिव्हर्स टाकताना उशीर यांपैकी काही जाणवलं की क्लच पॅक किंवा मेकॅट्रॉनिकचा खर्च डोळ्यांसमोर ठेवा. हे भाग बदलून झालेत आणि बिल आहे अशी एक लाख पळालेली पोलो मी, काहीच न बदललेल्या पन्नास हजारांच्या पोलोआधी घेईन. ज्यांना शहरातच चालवायची आहे त्यांनी मात्र अबार्थ किंवा लॉरा आरएसची मॅन्युअल गाडी बघावी.

२०१७ च्या २३० पीएसच्या ऑक्टाविया आरएसला सहा गिअरचा तेलात बुडलेल्या क्लचचा डीएसजी आहे. तो जास्त दणकट आहे, पण त्याचं तेल आणि फिल्टर दर साठ हजारांना बदलावंच लागतं. सव्वा लाख पळालेल्या गाडीच्या बिलांत हे काम दोनदा दिसायला हवं. २०२० मध्ये आलेली २४५ पीएसची आरएस पूर्ण आयात होती आणि भारतासाठी फक्त २०० आल्या. तिच्या सुट्या भागांना आयात गाडीचाच न्याय लावून बजेट करा.

आता सगळ्यांत चिवट प्रश्न: रिमॅप. या गाड्यांचे मालक हौशी असतात आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, फ्लॅश करून तीस-चाळीस पीएस वाढवणं ही त्यांची पहिली हौस. विकताना ‘स्टॉक’ फाइल परत टाकतात आणि ‘गाडीला हात लावलेला नाही’ म्हणतात. रिमॅप असणं हा गुन्हा नाही. चांगल्या ट्यूनरने केलेला, बिलासकट आणि सोबत क्लच, ऑइल, स्पार्क प्लगची काळजी घेतलेला असेल तर मी तशी गाडी घेईन. लपवलेला रिमॅप मात्र नको. बॉनेटखाली नव्या क्लॅम्प, नव्या होज, रंगीत सिलिकॉनचे पाइप, एअर फिल्टरच्या डब्यावर स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे, एक्झॉस्टच्या पाइपावर ताजं वेल्डिंग या खुणा शोधा. अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटतात अशी गाडी तर लांबूनच पाहावी. ते फटाके एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर फुटत असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि अपघातात विमा कंपनीचा सर्व्हेअर न सांगितलेल्या फेरफारावरच बोट ठेवतो, हेही लक्षात असू द्या.

गाडीची बॉडी आणि पूर्वेतिहास तपासताना दोन गोष्टी खास आपल्याकडच्या आहेत. पहिली पुराची. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाशी मातीची रेघ किंवा कुबट वास असेल तर बस झालं. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट गंजलेत का तेही पाहा. दुसरी दिल्लीची. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आल्यापासून तिथल्या स्वस्त गाड्या इकडे येतात. तिथली किंमत पाहून भुलू नका. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवं एमएच पासिंग आणि वाहतुकीचा खर्च मिळवला की उरलेली बचत बरेचदा मेकॅनिकच्या बिलातच जाते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. चारही टायर एकाच कंपनीचे आणि पाच वर्षांच्या आतले असतील तर मालक हात आखडता घेणारा नव्हता.

कागदपत्रांत फार वेळ घालवायला नको, पण काही वगळूही नका. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत पाहा. बाकी ई-चलन आधी भरून घ्या. स्पोर्टी गाड्यांवर ती ढिगाने असतात, आणि त्यांतल्या ओव्हरस्पीडच्या तारखा मालकाच्या स्वभावाविषयी सर्व्हिस बुकापेक्षा जास्त सांगतात. फॉर्म २९ आणि ३० वर सही, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आणि नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस आधीच्या मालकासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, म्हणून पहिला हप्ता जाहिरातवाल्याने सांगितल्यापेक्षा जास्त येईल.

पैशांचा हिशेब मी असा मांडतो: हातात आठ लाख असतील तर गाडी सहा-सव्वासहाच्या वर पाहायचीच नाही. उरलेले पैसे गाडीचेच आहेत, फक्त तिने अजून मागितलेले नाहीत. घरी आणल्या आठवड्यात ऑइल, तिन्ही फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. आधीच्या मालकाने मागच्याच महिन्यात बदललं असलं तरी बदला. कागद नसेल तर बेल्टही. इंधनाबाबत कंजूषपणा करू नका. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मानवतं. आता पंपावर ई२० मिळतं आणि ते लक्षात घेऊन या गाड्यांच्या इंधन नळ्या बनलेल्या नव्हत्या, म्हणून रबरी नळ्या आणि सील एकदा मेकॅनिककडून डोळ्यांखालून घालून घ्या. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

पहिले दोन हजार किलोमीटर गाडी समजून घेण्यात जाऊ द्या. या काळात रिमॅप नको, मोठा एक्झॉस्ट नको. दर रविवारी सकाळी गार इंजिनावर, सपाट जागेवर ऑइलची काठी काढून पातळी पाहा आणि तारखेसकट वहीत लिहा. कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवा. दोन हजार किलोमीटरांत ऑइल किती उतरलं आणि कूलंट त्या रेघेच्या किती खाली गेलं, हे दोन आकडे घेऊन पुन्हा त्याच मेकॅनिककडे जा. पुढच्या वर्षाचा खर्च त्यावरून तो तुम्हाला बराचसा तोंडी सांगेल.